ड्रायव्हर गेला, डबा उरला

घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की ऑडिओ इंटरफेस आला. माइककडून येणाऱ्या विजेच्या लहरींचे आकडे करून ते कॉम्प्युटरला द्यायचे आणि कॉम्प्युटरकडून आलेल्या आकड्यांचा आवाज करून हेडफोनला द्यायचा, एवढंच या डब्याचं काम. "कुठला घेऊ?" असं विचारलं की चर्चा लगेच बिट आणि किलोहर्ट्झवर जाते. पण मंडळी, या डब्यांचा गेल्या पस्तीसेक वर्षांचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. आवाज वाईट म्हणून माळ्यावर गेलेले डबे थोडे. बाकीचे गेले ते ड्रायव्हर किंवा पोर्ट गेलं म्हणून.

सुरुवात झाली ती खेळांपासून. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साऊंड ब्लास्टर काढलं. ८ बिट, मोनो. गेममधल्या गोळीबाराला पुरेसं. १९९२ च्या साऊंड ब्लास्टर १६ ने सीडीची बरोबरी केली, म्हणजे १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने. कागदावर सगळं जमलं होतं. मग घोडं अडलं कुठे? वेळेत!

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदाला फूटभराहून जरा जास्त. गवयाशेजारी तीन फुटांवर बसलेल्या तबलजीला गाणं तीनेक मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. विंडोज ९८, २००० आणि एक्सपीमध्ये सगळे आवाज एकत्र करणारा जो भाग होता, तो एकटाच सुमारे ३० मिलिसेकंद खायचा. म्हणजे तबलजीला उचलून तेहेतीस फुटांवर, हॉलच्या दाराशी नेऊन बसवण्यासारखं. ठेका कसा धरणार?

यावर तोडगा काढला हॅम्बुर्गच्या स्टाईनबर्गने, १९९७ साली. त्याचं नाव एएसआयओ. कल्पना अगदी सोपी: विंडोजच्या मिक्सरला वळसा घालायचा आणि रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमने थेट कार्डाच्या ड्रायव्हरशी बोलायचं. आकडे बादल्या भरून न्यायचे. २५६ नमुन्यांची बादली असेल तर ती ५.८ मिलिसेकंदात रिकामी होते आणि तेवढ्या वेळात पुढची भरून हजर हवी. नसली तर 'टक्' असा आवाज येतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी आला तर तो कायमचा आत बसतो. गाणं पुन्हा गाता येईल. पण नव्वदीतल्या आजीच्या ओव्या आपण रेकॉर्ड करत असू, तर दुसरा टेक मिळेलच असं नाही. इंटरफेस भरवशाचा आहे म्हणजे काय, तर त्याची बादली प्रत्येक वेळी वेळेवर येते.

गोम अशी की हा नवा ड्रायव्हर लिहिण्याची जबाबदारी पडली कार्ड बनवणाऱ्यांवर. कुणी ती मनापासून पार पाडली, कुणी उरकली. डिजिडिझाइनने १९९१ च्या प्रो टूल्समध्ये वेगळीच वाट धरली होती: प्रोग्रॅमही आमचा, कार्डही आमचं. सगळं एका घरचं म्हणून व्यवस्थित चालायचं, पण गिऱ्हाईक बांधलं जायचं. परक्या इंटरफेसवर प्रो टूल्स चालायला २०१० साल आणि नववी आवृत्ती उजाडावी लागली.

मग आलं फायरवायर. तेव्हाचं यूएसबी सेकंदाला १२ मेगाबिटचं, तर फायरवायर ४०० चं. २००१ साली मोटू कंपनीने ८२८ हा पहिला फायरवायर इंटरफेस काढला आणि आठ-आठ माइक लॅपटॉपला जोडता येऊ लागले. हौशी लोकांनी चांगले पैसे घातले. पहिली अडचण लॅपटॉपमधल्या फायरवायर चिपची. काही चिपांवर आवाज तुटायचा, त्यामुळे 'टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलाच लॅपटॉप घ्या' असं इंटरफेसवालेच सांगायचे. मग पोर्टच जायला लागलं. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोवर ते नव्हतंच, अ‍ॅडॅप्टर लावा. आणि २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोने फायरवायरचा आधारच काढून टाकला. डब्यातले प्रीअँप धडधाकट आहेत, पण समोर ऐकायला कुणी नाही. गंमत म्हणजे लिनक्सवर यातले बरेच डबे अजून चालतात. तिथल्या लोकांनी २०२९ पर्यंत फायरवायर सांभाळायचा बेत आखलाय.

या सगळ्या धावपळीत एक गरीब बिचारं प्रमाण शांतपणे वाढत होतं: यूएसबी ऑडिओ क्लास. पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २००६ ची. यात डबा जोडल्याजोडल्या ठरलेल्या भाषेत स्वतःची ओळख सांगतो, की माझे चॅनेल इतके, नमुने इतके. ती भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला आधीच येत असते, त्यामुळे कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही. दुसरी आवृत्ती मॅकला २०१० मध्ये समजायला लागली, विंडोजला मात्र थेट २०१७ मध्ये. मधली सगळी वर्षं विंडोजवाले कंपनीच्या मर्जीवर. मर्जी राखणाऱ्या कंपन्याही होत्या म्हणा. जर्मनीची आरएमई यूएसबीचा भागसुद्धा बाजारातली तयार चिप न घेता स्वतः लिहिते, म्हणून तिचे ड्रायव्हर नावाजले जातात. पण किंमतही तशीच!

तर आता खरेदीला निघालात तर मी काय बघा म्हणेन?

एक, हा डबा कुठलाही ड्रायव्हर न टाकता लिनक्सवर किंवा आयपॅडवर चालतो का. तुम्ही लिनक्स जन्मात वापरणार नसलात तरी हे विचारा. चालत असेल तर उद्या कंपनी बुडाली तरी डबा बुडणार नाही.

दोन, विंडोजवर असाल तर कंपनीच्या साइटवर जाऊन दहा वर्षांपूर्वीचं मॉडेल शोधा. त्याचा ड्रायव्हर शेवटचा कधी सुधारला? तुमच्या डब्याचं पुढे काय होणार ते तिथे दिसतं.

तीन, गेनचं बटण आणि कंडेन्सर माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्टचं बटण डब्यावरच आहे का. ते फक्त अ‍ॅपमध्ये असेल तर अ‍ॅपबरोबर तेही जाणार.

चार, डायरेक्ट मॉनिटरिंग. म्हणजे गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरला फेरी न मारता डब्यातूनच हेडफोनला. मग बादली मोठी ठेवली तरी ठेका चुकत नाही, आणि 'टक्' व्हायची भीतीही कमी.

बिटांचं काय? २४ बिट आता साध्या डब्यांतही असतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि हो, काम संपलं की प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल काढून दोन ठिकाणी ठेवा. हा फॉरमॅट १९९१ चा, म्हणजे प्रो टूल्सच्याच वयाचा. त्या वेळची कार्डं आज लावायला जागा नाही, पण त्या वेळची वेव्ह फाइल आजच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक केली की वाजते.

असो. तूर्तास इतकंच. ५० हर्ट्झची घरघर आणि भिंतीतलं अर्थिंग हा विषय वेगळा आणि मोठा आहे, तो पुन्हा एखाद्या शनिवारी.