लाल मणी सरकला तरच औषध



पावसाळा आला की आमच्या गटाच्या बैठकीत एक गोष्ट हमखास निघते. कुणाच्या तरी लेकराला खोकला झालेला असतो आणि कुणीतरी म्हणते, "मेडिकलमधून अँटिबायोटिक आण गं, दोन गोळ्यांत बरं होतं." म्हणून आज आपण गडचिरोलीची गोष्ट ऐकू या. अँटिबायोटिक कधी द्यायचे आणि कधी नाही, हे तिथे गावातल्या बायकांनी करून दाखवले.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे डॉक्टर जोडपे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परत आले. 1986 साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुले कशाने दगावतात याचा त्यांनी गावोगाव शोध घेतला. एक मोठे कारण होते न्यूमोनिया. तिकडच्या बायका त्याला 'डब्बा' म्हणतात. त्यावर औषध होते आणि ते स्वस्तही होते. पण दवाखाना लांब. मग गावात हा आजार ओळखणार कोण?

हे काम गावातल्याच माणसांना शिकवायचे ठरले. त्यात दाईही होत्या. न्यूमोनियात बाळाचा श्वास जोरात चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे 50 किंवा जास्त झाले, तर धोका. पण दाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. दहापर्यंत मोजणे जमायचे, पुढे चूक व्हायची. म्हणून त्यांच्यासाठी एक साधे यंत्र बनवले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. नाही सरकला, तर साधा सर्दी-खोकला. त्याला अँटिबायोटिक नाही.

याचा निकाल 1990 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. गावातल्या या कार्यकर्त्यांनी न्यूमोनियाच्या 612 रुग्णांवर उपचार केले होते. त्यांत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. जिथे ही सोय नव्हती, त्या गावांत ते शंभरात 13 च्या वर होते.

पण नुकती जन्मलेली बाळे अजून जात होती. बाळंतपण घरीच व्हायचे आणि आजारी ओल्या बाळाला घेऊन दवाखान्यात जायला घरचे तयार नसत. तेव्हा बंग दांपत्याने 39 गावांत थोड्या शिकलेल्या बायका निवडल्या. त्या झाल्या 'आरोग्यदूत'. बाळ नीट दूध ओढत नाही, रडणे क्षीण झाले, अंग लुळे किंवा गार पडले, बेंबीत पू झाला, अशा खुणा त्या तपासत. एकाच वेळी दोन खुणा दिसल्या तर जंतुसंसर्ग समजायचा. आधी दवाखान्यात न्यायला सांगायचे. घरच्यांनी नाही म्हटले, तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पोटातून दुसरे अँटिबायोटिक द्यायचे.

गावातल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, हे सहज पटणारे नव्हते. पण नोंदी बोलल्या. आधी असा संसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी साधारण 17 दगावत. आरोग्यदूतांच्या उपचारानंतर ते प्रमाण 3 वर आले. हा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आणला. आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, वजन करतात, बाळाचे अंग तपासतात, त्यामागे हा इतिहास आहे.

मैत्रिणींनो, त्या दाईंना अक्षर येत नव्हते, पण त्या अंदाजाने औषध देत नव्हत्या. आपण मात्र शिकून-सवरून मोजायच्या आधीच गोळी मागतो आणि बरे वाटले की उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवतो. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध हात टेकते.

तेव्हा येत्या बैठकीला आशाताईंना बोलवा. बाळाचे श्वास कसे मोजायचे ते सगळ्या मिळून शिकून घ्या. श्वास जोरात चालला, किंवा बाळाने दूध सोडले, तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितले, तेवढे दिवस औषध पूर्ण करा.