नामविस्तार : एका तडजोडीच्या शब्दाची कुळकथा

मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ हे दोन शब्द मराठवाडा विद्यापीठाच्या नावाच्या वादातून सोळा वर्षांच्या अंतराने येतात. नामांतर म्हणजे असलेले नाव काढून दुसरे देणे, तर नामविस्तार म्हणजे असलेले नाव राहू देऊन त्याला दुसऱ्या नावाची जोड देणे. कागदावर किरकोळ वाटणाऱ्या या फरकाच्या पहिल्या टोकाला १९७८ साली जळालेल्या दलित वस्त्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला १९९४ सालचा सरकारी तोडगा, त्यामुळे या शब्दाचे कूळ कोशात कमी आणि गावगाड्यात अधिक सापडते.

त्याचे मूळ निजामी राजवटीपर्यंत जाते. हैदराबाद संस्थानात भाषण, सभा आणि संघटना यांवर कडक निर्बंध असताना ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रह, म्हणजे कायदा उघडपणे मोडून शिक्षा स्वेच्छेने पत्करण्याचा मार्ग, आरंभिला. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी लढणाऱ्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. मोर्चा, निवेदन, हरताळ आणि तुरुंगवास ही निषेधाची भाषा आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावांनी याच काळात आत्मसात केली. ती निखळ अहिंसेची होती असा दावा मात्र करता येत नाही, कारण सरहद्दीवरील छावण्यांतील कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली ती ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर ‘मराठवाडा’ या शब्दाला मुक्तिलढ्याच्या स्मृतीचे वजन आले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत स्थापन झालेल्या विद्यापीठाने तेच नाव धारण केले. दुसरी स्मृतीही त्याच शहरात रुजत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे १९५० साली महाविद्यालय सुरू केले, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढता आली नव्हती अशी मुले त्यातून पदवीधर होऊन बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याची मागणी पुढे आली ती या पिढीच्या बळावर. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील आदरणीय नेत्यांनी तिला विरोध केला, तेव्हा प्रदेशाची अस्मिता पुसली जाईल हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. दोन्ही बाजूंनी संघर्ष समित्या, बंद आणि मोर्चे हीच साधने वापरली, म्हणजे वादाचे व्याकरण समान राहिले आणि भांडण कोणाची स्मृती सार्वजनिक मानायची याविषयी झाले.

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात दंगल उसळली. शहरातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेला विरोध खेड्यात पोचताच त्याचे रूप पालटले. ज्यांच्या घरातील कोणीही विद्यापीठात गेलेले नव्हते असे लोक दलित वस्त्यांवर चालून गेले, घरे जाळली गेली, बहिष्कार घातले गेले, अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. गायरान जमिनी कसण्याचा प्रश्न, गावकीची कामे करण्यास दलितांनी दिलेला नकार आणि शिकून नोकरीला लागलेल्या तरुणांविषयीची असूया हा जुना हिशेब नावाच्या निमित्ताने चुकता केला गेला, असेच म्हणावे लागते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची ऑगस्ट १९७८ मध्ये अमानुष हत्या झाली. दंगलीनंतर सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबवली, म्हणजे हिंसा करणाऱ्यांना हवे ते मिळाले आणि विधिमंडळाचा शब्द पंधरा वर्षांहून अधिक काळ कागदावरच राहिला.

चळवळीने या हिंसेला चालून उत्तर दिले. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँगमार्च निघाला. ही संज्ञा माओच्या सशस्त्र सैन्याच्या माघारीतून आलेली असली, तरी या मोर्चातील माणसांच्या हाती घोषणांवाचून काही नव्हते. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीपाशी पोलिसांनी मोर्चा अडवला, अटका झाल्या, आणि ‘नामांतर झालेच पाहिजे’ ही मागणी मराठवाड्याच्या सीमा ओलांडून राज्यभर पोचली. पुढची चौदा वर्षे ती टिकली, हे या चळवळीचे मोठे सामर्थ्य. त्याची सर्वांत वेदनादायक खूण पुन्हा नांदेडमध्येच आहे, कारण नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी तेथे आत्मदहन केले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी शरद पवार यांच्या सरकारने निर्णय जाहीर केला. १९७८ च्या ठरावाच्या वेळीही मुख्यमंत्री तेच होते. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या नव्या नावात एकही जुना शब्द वगळलेला नाही, फक्त क्रम ठरवलेला आहे. बाबासाहेब अग्रभागी येतात, प्रदेश मागे राहतो, आणि कोणाचेही काही हिरावले गेले असे म्हणण्यास जागा उरत नाही. घोषणेसाठी निवडलेला दिवसही बोलका होता, कारण मकरसंक्रांतीला वर्षभराची कटुता विसरून गोड बोलण्याचा रिवाज मराठी घरात लहानथोर सगळे पाळतात. त्या दिवसाला पुढे ‘नामविस्तार दिन’ हे नाव पडले आणि आजही विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी त्या दिवशी मोठी गर्दी लोटते. तोडग्याचा दुसरा भाग नांदेडला आला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तेथे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले आणि नांदेड, लातूर व परभणी हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. त्याला ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळाले. स्वामी रामानंद तीर्थ हे मुक्तिलढ्याचे संन्यासी नेते, तेव्हा त्यांच्या नावाने विरोधकांच्या स्मृतीलाही स्वतःचे घर मिळाले. येथेही ‘मराठवाडा’ हा शब्द टिकला, म्हणजे औरंगाबादेत सोळा वर्षांच्या संघर्षातून घडलेला साचा नांदेडला जन्मतःच लाभला.

या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे झाले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांचे साहित्य मराठी वाचकांसमोर मांडणारे ते अभ्यासक होते आणि ज्या दलित पँथरने नामांतराची मागणी लावून धरली तिचे नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आलेले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीलाही कायदा संमत होणे आणि तो गावपातळीवर उतरणे यांतील अंतर असेच भोगावे लागले होते.

‘अग्रनाम आणि प्रदेश’ हा साचा पुढे राज्यात रूढ झाला. २०१३ साली परभणीचे कृषी विद्यापीठ वसंतराव नाईक यांच्या नावाने, २०१४ साली पुण्याचे विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आणि २०१८ साली जळगावचे बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मराठवाड्यात १९७८ साली उसळली तशी दंगल यांपैकी एकाही वेळी झाली नाही.

तरीही नामविस्ताराला शांततेचा नमुना म्हणताना हात आखडता घ्यावा लागतो. त्याने नावाचा वाद मिटवला, पण ज्या गायरानांवरून, पाणवठ्यांवरून आणि गावकीवरून माणसे मारली गेली त्या प्रश्नांना त्याने स्पर्श केला नाही. शिवाय दोन्ही स्मृतींना मान देणाऱ्या या शब्दयोजनेत दंगलीच्या जबाबदारीचा कबुलीजबाब कोठेच नाही. टेंभुर्णी आणि नांदेड ही दोन्ही ठिकाणे ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत, त्याने १९७८ पासूनच्या त्या पंधरा-सोळा वर्षांच्या साक्षी गावोगाव जाऊन नोंदवाव्यात, आणि ते काम साक्षीदार हयात आहेत तोवर व्हावे.