धुक्यातील वाट

दाट धुक्यात क्षितिज दिसेनासे झाले की वैमानिकाचा कानच त्याला फसवू लागतो. शरीराचा तोल अंतःकर्णातील द्रवाच्या हालचालीवरून कळतो. परंतु सावकाश घडणारे वळण त्याला जाणवत नाही. यंत्र कलत असते आणि बसणाऱ्याला मात्र आपण सरळ चाललो आहोत असे वाटते.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेतील मिचेल फील्ड येथे जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणे पाहून विमान उडविले, फिरविले व पुन्हा उतरविले. स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज, कोल्समन यांचा सूक्ष्म उंचीमापक आणि रेडिओसंकेत हेच त्यांचे डोळे झाले.

हेलिकॉप्टरला ही विद्या लवकर साधली नाही. ते स्वभावतःच अस्थिर. शिवाय मंद गतीत त्याचा वेगदर्शक भरवशाचा नसतो. तोल सावरणारी स्वयंचलित यंत्रणा आल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

तरीही २६ जानेवारी २०२० रोजी लॉस एंजेलिसजवळ ढगांत शिरलेले हेलिकॉप्टर टेकडीवर आदळून नऊजण मृत्यू पावले. वैमानिक उपकरण-उड्डाण शिकलेला होता. पण चालक कंपनीला तशा उड्डाणाची परवानगीच नव्हती. उपकरणांइतकीच आखलेली वाट व नित्याचा सराव हवा, हे त्यातून दिसले.

अशी वाट आता उपग्रह दाखवितात. २०२३ साली भारताच्या ‘गगन’ प्रणालीच्या आधारे जुहूहून पुण्यास हेलिकॉप्टर नेण्यात आले. पावसाळ्यात ढगांनी झाकणाऱ्या सह्याद्रीवरून जाणाऱ्यांना तिचे मोल सांगावयास नको.