गुपितांचे राखणदार

राज्याचीं गुपितें कोणाच्या हातीं द्यावीं, हा प्रश्न नवा नव्हे. कौटिल्यानें अमात्यांची पारख करण्यासाठीं धर्म, अर्थ, काम व भय अशा चार कसोट्या सांगितल्या आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं विसाव्या शतकांत हें काम छापील प्रश्नावलीकडे सोंपविलें. तिचा इतिहास पाहूं जातां एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. मनुष्याच्या जुन्या दोषापेक्षां त्या दोषाविषयीं त्यानें दिलेलें उत्तर पुष्कळदां अधिक भारी ठरलें.

इ. स. १९४७ च्या मार्चमध्यें अध्यक्ष ट्रूमन यांनीं सरकारी नोकरांच्या राष्ट्रनिष्ठेची चौकशी सुरू केली. पुढें २७ एप्रिल १९५३ रोजीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या १०४५० क्रमांकाच्या आज्ञेनें कसोटी रुंदावली. अतिमद्यपान, मादक पदार्थांचें व्यसन आणि महत्त्वाची माहिती बुद्ध्या खोटी देणें किंवा गाळणें, हीं सारीं एकाच यादींत आलीं. समलिंगी स्त्रीपुरुषही त्याच यादीच्या तडाख्यांत सांपडले व हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यांनीं खरें सांगितलें तर नोकरी जाई; लपविलें तर लबाडीचा ठपका येई. सत्याची अपेक्षा करणाऱ्या सरकारनेंच येथें सत्य बोलणें अशक्य करून ठेवलें होतें. १९९५ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें हा भेदभाव निषिद्ध झाला.

असत्याची किंमत सर्वांत प्रसिद्ध रीतीनें मोजली ती रॉबर्ट ओपेनहायमर यांनीं. महायुद्धाच्या काळांत शेव्हालिए नामक मित्रानें, सोव्हिएट रशियास माहिती पोंचविण्याचा एक मार्ग आहे, असें त्यांच्या कानावर घातलें. ओपेनहायमर यांनीं तें झिडकारलें. पण ही गोष्ट त्यांनीं कित्येक महिने कोणास कळविली नाहीं. १९४३ च्या ऑगस्टमध्यें सुरक्षा-अधिकारी पॅश यांच्यापुढें बोलतांना त्यांनीं मित्राचें नांव झांकलें व तीन शास्त्रज्ञांना गांठल्याची बनावट हकीकत सांगितली. तें संभाषण गुप्तपणें ध्वनिमुद्रित झालें होतें! अकरा वर्षांनीं, १९५४ च्या चौकशींत तें त्यांच्यापुढें मांडण्यांत आलें, तेव्हां आपण खोटें बोललों, हें त्यांना कबूल करावें लागलें. चौकशी-मंडळानें त्यांची राष्ट्रनिष्ठा मान्य केली, तरी परवाना परत देण्यास दोन विरुद्ध एक मतांनीं नकार दिला. २९ जून रोजीं अणुशक्ति आयोगानेंही चार विरुद्ध एक मतांनीं तोच निर्णय केला. हायड्रोजन बॉम्बविषयींच्या त्यांच्या विरोधाचा राग या निकालामागें होता, हें उघड आहे. परंतु विरोधकांच्या हातीं शस्त्र दिलें तें त्या जुन्या बनावट हकीकतीनें. २०२२ च्या डिसेंबरमध्यें सरकारनें तो निर्णय रद्द केला. ओपेनहायमर १९६७ सालींच वारले होते.

१९६० नंतरच्या पिढींत गांजा महाविद्यालयांतून सर्रास शिरला आणि प्रश्नावलीपुढें निराळीच अडचण उभी राहिली. गांजा ओढलेल्या प्रत्येकास वगळावें, तर माणसें आणावींत कोठून? ८६ क्रमांकाच्या नमुन्यांत मागील सात वर्षांतील सेवनाची विचारणा होऊं लागली. परवाना हातीं असतांना केलेल्या सेवनास मात्र मुदतीची सवलत नव्हती. २०१७ सालीं अमलांत आलेल्या नियमांनीं मादक पदार्थ व वर्तन यांचीं स्वतंत्र कलमें ठेविलीं. सेवन जुनें, क्वचित् घडलेलें आणि पुन्हां घडण्याचा संभव नसलेलें असेल, तर तें क्षम्य ठरूं शकतें. लपवालपवीचा प्रकार वेगळा. लपविलेलें गुपित परक्याच्या हातीं गेलें कीं धाक घालण्याचें साधन होतें. शिवाय सेवनाला दहा वर्षें लोटलीं तरी कालच्या सहीखालचें खोटें उत्तर कालचेंच असतें. खोट्या उत्तरास पांच वर्षांपर्यंत कैदही होऊं शकते. तथापि, कोणी हटकण्यापूर्वींच आपली चूक तत्परतेनें दुरुस्त करणाऱ्यास नियमांनीं वाट मोकळी ठेविली आहे.

१९८८ च्या ईगन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा परवाना हा कोणाचा हक्क नव्हे, असें ठरविलें. चालू सेवन करणाऱ्यास तर २००८ च्या कायद्यानेंच तो नाकारला. कित्येक संस्थानांनीं पुढें गांजा कायदेशीर केला, तरी मध्यवर्ती सरकारचा परवाना त्यांच्या कायद्यांवर चालत नाहीं. म्हणून २०२१ च्या डिसेंबरमध्यें गुप्तवार्ता-संचालकांनीं सर्व खात्यांना कळविलें कीं, पूर्वीचें गांजासेवन विचारांत घ्यावें, परंतु तेवढ्यानेंच निकाल देऊं नये. आणि उमेदवारानें प्रश्नावलीवर सही केली, कीं त्या क्षणापासून त्यानें गांजापासून दूर राहावें, असें त्यास बजावावें.