ग्रेट डिव्हाइड मार्ग : सायकल व सामान

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या जलविभाजक रेषेलगतचा, बहुतांशी कच्च्या रस्त्यांचा सायकलमार्ग. ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने तो १९९० च्या दशकात आखला. कॅनडातील बॅन्फ ते न्यू मेक्सिकोतील अँटेलोप वेल्स हे अंतर सुमारे ४,४०० किमी. भरते. २००८ पासून येथे ‘टूर डिव्हाइड’ ही बाहेरची मदत न घेता पुरी करायची शर्यत होते.

मागे शॉक नसलेली, २९ इंची चाकांची माउंटन बाइक येथे बहुतेकांना पसंत पडते. टायरमध्ये ट्यूबऐवजी सीलंट घालतात. काटा लागला की ते छिद्रात शिरून घट्ट होते. टायरला मोठी चीर गेल्यास मात्र सुईदोरा आणि जादा ट्यूब यांनाच शरण जावे लागते.

सामान फ्रेमच्या त्रिकोणात, सीटमागे व हँडलला बांधलेल्या पिशव्यांत भरतात. खडखडाटाने कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात, म्हणून कॅरिअर टाळण्याकडे कल असतो. हत्यारे व पाणी यांसारखे जड सामान मध्यभागी, खाली ठेवल्यास उतारावर तोल सांभाळता येतो. वायोमिंगच्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये पाण्याची वानवा असल्याने जादा बाटल्यांची सोय लागतेच. माँटानात ग्रिझली अस्वलांसाठी तिखट फवारा बाळगतात. पिशवीच्या तळाशी ठेवलेला फवारा असून नसल्यासारखाच.

खरा छळ न्यू मेक्सिकोतील ओल्या चिकणमातीचा. चिखल टायर व चिमट्याच्या मधे भरून चाक अडते आणि जोर लावला तर मागचे गिअर बदलणारे डिरेलर तुटते. म्हणून टायर किती रुंद यापेक्षा त्याभोवती मोकळी जागा किती, हे आधी पाहावे.