एका तारेची गोष्ट

परवा सकाळी गाडी अंगणात काढली, किक मारली, मूठ जराशी पिळून सोडली. पण मूठ काही मागे येईना. इंजिन आपले ओरडतेच आहे! चावी फिरवून बंद केले. रस्त्यावर असतो तर काय झाले असते, हा विचार नंतर आला आणि पाय जरा लटपटले. वय पंचाहत्तरीला टेकले आहे, लपवून काय करायचे?

दुखणे ओळखीचे होते. ॲक्सिलेटरची वायर. मुठीजवळचे दोन स्क्रू काढून पाहिले तर तारेचे चार-पाच पदर तुटून काट्यांसारखे उभे राहिलेले, आणि तेच नळीत अडकत होते. वीस वर्षांची गाडी, वायरीला तेल पाजायचा आळस माझाच. नातू पुण्याहून आला आहे. म्हणाला, "आबा, मेकॅनिकला बोलवू ना." म्हटले, "बस इथे. पाने-पक्कड दे नुसती."

काम तसे अर्ध्या तासाचे. पेट्रोलचा कॉक बंद करायचा. कार्बोरेटरचे झाकण फिरवून वर काढायचे. त्याबरोबर स्प्रिंग, स्लाइड आणि सुई बाहेर येते. स्प्रिंग दाबून धरली की वायरीचे बोंड स्लाइडमधून सुटते. जुन्या वायरीच्या मुठीकडच्या टोकाला नवी वायर दोऱ्याने बांधून जुनी खालून ओढली, की नवी तिच्याच वाटेने टाकीखालून उतरते. स्लाइडची खाच आतल्या खुंटीवर नीट बसवायची. शेवटी गाडी चालू करून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहायचे. आवाज चढला, तर वायर कुठेतरी ताणली जाते आहे असे समजायचे.

काम चालू असताना नातवाने विचारले, "आबा, आत तार आहेच, मग वरून ही नळी कशाला?"

प्रश्न चांगला होता. नुसती तार ओढायची तर ती सरळ रेषेत हवी, नाहीतर प्रत्येक वळणावर कप्पी हवी. विहिरीवरच्या मोटेला चाक लागते तसे. पण गाडीचे हँडल तर सारखे फिरते. ही नळी म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या पोलादी तारेचे वेटोळे. तिची दोन्ही टोके पक्की धरलेली असतात. आतली तार ओढली जाते, तेव्हा बाहेरची नळी तेवढ्याच जोराने दाबली जाते, आणि दाबून लहान होत नाही. म्हणून वाट कितीही वाकडी असली तरी मुठीची ओढ कार्बोरेटरपर्यंत जशीच्या तशी पोचते.

ही युक्ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन नावाच्या आयरिश गृहस्थाची. त्याचे पेटंट १८९६ चे. रॅले सायकल कंपनीचे मालक फ्रँक बाउडेन हे वेगळे. आडनाव एक म्हणून पुष्कळांची गल्लत होते. अर्नेस्टने ही तार काढली ती मुख्यतः सायकलच्या ब्रेकसाठी. मोटारसायकली तेव्हा नुकत्या कुठे आकार घेत होत्या. पुढे त्यांनी सायकलची ही तार उसनी घेतली आणि तिच्यावर क्लच, ब्रेक आणि इंजिनचा श्वास असे सगळे सोपवले. बाउडेन १९०४ साली वारला. आपल्या तारेचे पुढे काय काय झाले ते त्याला फारसे पाहायला मिळाले नाही.

याच सुमारास, १८९७ साली, आमच्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९११ साली ढोकीवरून लातूरपर्यंत गेली. रेल्वे अशी लवकर आली, पण बाउडेनची तार आमच्याकडे यायला फार वेळ लागला. कारण आपल्या काळ्या सायकलींना ब्रेक असत ते लोखंडी कांबींचे. ना तार, ना नळी. ती तार गावात खऱ्या अर्थाने आली फटफट्यांबरोबर. मद्रासची बुलेट १९५५ पासून, मग म्हैसूरची जावा, फरीदाबादची राजदूत, १९७२ साली पुण्याची लूना. तेरणा साखर कारखान्याची उसाची बिले निघू लागली तशी आमच्या भागात फटफटी दारात दिसू लागली. मीही एक जुनी घेतली.

त्या फटफटीची एक गोष्ट नातवाला कधी सांगितली नव्हती. परवा सांगितली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गाव उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. ढोकीत भांडी पडली, माणसे अंगणात आली, इतकेच. दिवस उजाडल्यावर किल्लारीचे नाव कानावर आले. माझी धाकटी बहीण किल्लारीजवळच्या गावात दिलेली. तसाच फटफटीवर बसलो आणि लातूरच्या रस्त्याला लागलो. मुरूडजवळ मूठ एकदम सैल पडली. तार तुटली होती, मुठीजवळच.

ढकलत मुरूडात आलो. एक सायकलचे दुकान अर्धवट उघडे होते. आतला पोरगा म्हणाला, "गुर्जी, तुम्ही?" मी पाहिले आणि ओशाळलो. आठवीतून शाळा सोडलेला माझाच विद्यार्थी. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी माझ्या हाताने 'अभ्यासात अजिबात लक्ष नाही' असे लिहिले होते. वर्गासमोर 'पंक्चर काढत बसशील' असेही म्हणालो होतो.

कुठे निघालो ते त्याला सांगितले. तो म्हणाला, "ह्या गाडीची वायर न्हाई गुर्जी. पर थांबा." तारेचे ब्रेक असलेल्या नव्या फॅशनच्या सायकलींसाठी ठेवलेली ब्रेक वायर त्याने नळीसकट काढली. मापाने तोडली. टोकाला आऱ्याचे पितळी निपल ओवले, तारेचे पदर फुलवले, नवसागर लावून डाख ओतला आणि कानशीने घासून बोंड स्लाइडच्या घरात बसेल इतके बारीक केले. दोनदा बसले नाही, तिसऱ्यांदा बसले. मी पैसे काढले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आधी बहिणीकडं जावा."

त्याला अर्नेस्ट बाउडेन कोण ते ठाऊक नव्हते. मलाही तेव्हा नव्हते. पण सायकलच्या ब्रेकची तार इंजिन ओढू शकते, हे शंभर वर्षांपूर्वीचे शहाणपण त्याच्या बोटांत होते. आणि मी इतिहास शिकवत होतो!

दुपारी पोचलो. बहीण आणि दोन्ही भाचरे लिंबाखाली बसलेली होती. तिच्या सासूबाई आणि दीर ढिगाऱ्याखाली होते. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढचे आठ दिवस ती फटफटी त्याच तारेवर धावली. मग योग्य मापाची वायर मिळाली, पण ही तार मी टाकली नाही. ती अजून माझ्या पेटीत आहे.

नातू पुण्यात विजेची स्कूटर चालवतो. तिच्या मुठीत चुंबक आणि सेन्सर. इंजिन नाही, कार्बोरेटर नाही, ओढायला तार नाही. पेट्रोलच्या गाड्यांतही २०२० पासून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. चाकणला बनणाऱ्या ३९० ड्यूकमध्ये तर २०१७ सालीच मूठ आणि इंजिन यांच्यातली तार गेली. मला त्याचे वाईट वाटत नाही. अडकणारी मूठ काय करू शकते ते परवाच पाहिले. फक्त एवढेच वाटते की तो सेन्सर अडचणीच्या दिवशी बिघडला तर मुरूडच्या दुकानात त्यासाठी उसने घेण्यासारखे काय असेल?

असो. गोष्ट संपली तशी नातवाने विचारले, "आबा, त्यांना तुम्ही सॉरी म्हणालात का?"

नाही म्हणालो. पुढे दोनदा मुरूडला गेलो, चहा घेतला, हवापाण्याचे बोललो आणि परत आलो. तो आता साठीकडे झुकला असेल. नवी वायर घातली आहे, गाडी ठीक चालते. या आठवड्यात मुरूडला जाऊन येतो.