रंगाचा कारखाना, लघवीचा नमुना आणि ‘बायोमार्कर’ नावाचा शब्द

मूत्राशयाच्या कर्करोगावर, म्हणजे ब्लॅडर कॅन्सरवर संशोधन करायचं ठरवलंत, तर तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर ‘बायोमार्कर’ हा शब्द येणार. येऊ दे. पण तो लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हा मार्कर नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे? रोग कोणाला होईल? झालाच तर तो पुढे कसा वागेल? की कोणतं औषध कोणाला लागू पडेल? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. या आजाराच्या इतिहासात त्यांची सरमिसळ वारंवार झाली आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. म्हणून आज थोडा इतिहास बघू. तो आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यापर्यंत कसा येतो, तेही बघू.

आधी कारखाना, मग प्रयोगशाळा

१८९५ साली फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी एक साधं निरीक्षण मांडलं. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाच्या गाठी होत्या. एवढ्या छोट्या गटात तीन म्हणजे फार झाले. पुढे १९३८ मध्ये ह्यूपर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना २-नॅफ्थिलअमाइन देऊन तशाच गाठी घडवून दाखवल्या. १९५४ मध्ये रॉबर्ट केस यांनी ब्रिटनच्या रसायन उद्योगातल्या कामगारांची जुनी हजेरीपत्रकं आणि मृत्यूच्या नोंदी जुळवल्या. निष्कर्ष असा, की या कामगारांना मूत्राशयाच्या गाठीचा धोका इतरांच्या सुमारे ३० पट होता. दोषी रसायनांत बेंझिडिन आणि २-नॅफ्थिलअमाइन ठळक होती.

केस यांच्याकडे जनुकांची यंत्रं नव्हती. त्यांच्याकडे होती यादी: कोण, कोणत्या खात्यात, कधीपासून कधीपर्यंत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

हडर्सफील्ड ते अहमदाबाद

एकाच खात्यात काम करणाऱ्या सगळ्यांना रोग होत नाही. मग कोणाला होतो? १९८२ मध्ये हडर्सफील्डच्या परिसरातून कार्टराइट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. आपल्या यकृतात एनएटी-२ नावाचं एक एन्झाइम असतं. ते अमाइन गटातल्या रसायनांवर ॲसिटिल गट चढवतं. काही जणांत ते झपाट्याने काम करतं, काहींत संथपणे. रंगउद्योगात काम केलेल्या २३ रुग्णांपैकी २२ जण ‘संथ’ निघाले. निष्कर्ष पटण्यासारखा होता: ज्यांच्यात हे एन्झाइम संथ, त्यांना धोका जास्त. पाठ्यपुस्तकांत तो लगेच जाऊन बसला.

आता भारताची पाळी. १९९६ मध्ये रॉथमन, भटनागर, हेस आणि सहकाऱ्यांनी अहमदाबादच्या बेंझिडिन आणि बेंझिडिनआधारित रंगांच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३३ कामगार, आणि तुलनेसाठी संपर्क नसलेले १५ जण. लघवीतले रासायनिक अवशेष मोजले. लघवीत झडून आलेल्या पेशींच्या डीएनएला बेंझिडिनचे तुकडे चिकटलेत का, तेही पाहिलं. अपेक्षा अशी, की संथ गटात नुकसान जास्त दिसेल. तसं दिसलं नाही. उलट डीएनएला चिकटलेला मुख्य तुकडा ॲसिटिल गट चढलेल्या बेंझिडिनचाच होता. म्हणजे बेंझिडिनच्या बाबतीत ॲसिटिल चढणं हा सुटकेचा मार्ग नव्हता, तर इजा होण्याच्या वाटेवरचीच एक पायरी होती. चीनमधल्या बेंझिडिन कामगारांवर १९९३ मध्ये झालेल्या अभ्यासातही संथ गटाला जास्त धोका आढळला नव्हता.

मग कार्टराइट चुकले का? तसं म्हणता येत नाही. ‘रंगउद्योगातले कामगार’ या एका शब्दाखाली अनेक रसायनं येतात आणि प्रत्येकाची शरीरातली वाट वेगळी. एका रसायनाचा मार्कर दुसऱ्याला लावला, की गडबड होते. याच गटाने १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: लघवी जितकी आम्लधर्मी, तितकं मोकळं बेंझिडिन आणि डीएनएची इजा जास्त. जनुकाइतकंच लघवीच्या पीएचलाही महत्त्व! नमुना घेताना पीएच नोंदवणं हे काही कारकुनी काम नाही, ते यासाठी असतं.

दंडावरची लस मूत्राशयात

रोग झाला, पुढे काय? १९७६ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनचे अल्व्हारो मोरालेस यांनी ९ रुग्णांच्या मूत्राशयात थेट बीसीजी सोडली. होय, आपल्या दंडावर जिचा व्रण आहे तीच क्षयाची लस. आठवड्याला एक असे सहा डोस. सहाच का? कारण लशीच्या पाकिटात सहा कुप्या येत. पुढे हाच आकडा जगभरची पद्धत बनला. १९९० मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली आणि वरवरच्या, पण धोकादायक गाठींसाठी आजही बीसीजीच पहिली निवड आहे. २०१७ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपला बीसीजी प्रकार बंद केल्यावर जगात टंचाई वाढली. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीची बीसीजी बनवते, ती कॅनडापर्यंत पोचली.

पण बीसीजी कोणाला लागू पडेल आणि कोणाचा रोग पुढे सरकेल? २००६ मध्ये युरोपच्या ईओआरटीसी या संस्थेने सात चाचण्यांतल्या २५९६ रुग्णांवरून एक तक्ता बनवला. त्यात सहा गोष्टी मोजतात: गाठींची संख्या, आकार, आधी किती वेळा उलटली, भिंतीत किती खोल गेली, सोबत सपाट कर्करोग आहे का, आणि पेशी किती बिघडल्यात. एकही जनुक नाही. तुमचा नवा मार्कर कितीही देखणा असो, या सहा साध्या गोष्टींच्या वर तो काय भर घालतो हे दाखवता आलं पाहिजे. नुसता ‘पी-व्हॅल्यू’ छान आला म्हणून भागत नाही.

प्रोग्नॉस्टिक की प्रेडिक्टिव्ह?

इथे बहुतेक जण अडकतात. प्रोग्नॉस्टिक मार्कर सांगतो, रोगाची चाल कशी असेल, औषध कोणतंही असो. प्रेडिक्टिव्ह मार्कर सांगतो, अमुक औषधाचा फायदा अमुक गटाला जास्त होईल.

उदाहरण ताजं आहे. २०१६ मध्ये अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध पुढच्या टप्प्यातल्या ब्लॅडर कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्य झालं. ज्यांच्या गाठीत पीडी-एल-१ हे प्रथिन जास्त, त्यांना फायदा जास्त, असं त्या एका गटाच्या अभ्यासात दिसलं होतं. मग मोठी तुलनात्मक चाचणी झाली, केमोथेरपीच्या समोर. पीडी-एल-१ जास्त असलेल्यांत आयुर्मानाचा मध्यांक निघाला ११.१ महिने विरुद्ध १०.६ महिने. फरक नाहीच म्हणा ना! कारण या रुग्णांत केमोसुद्धा अपेक्षेपेक्षा चांगली चालली. म्हणजे तिथे तो मार्कर औषधाची निवड सांगत नव्हता. बहुधा रोगाची चाल सांगत होता. २०२१ मध्ये कंपनीने ती मान्यता मागे घेतली. तुलनेचा गट नसेल तर हे दोन मार्कर वेगळे ओळखताच येत नाहीत. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

आणि आपला पट्टा?

कल्याणजवळ इंडियन डायस्टफ आणि अमर डाय-केम यांचे रंगाचे कारखाने होते. डोंबिवली एमआयडीसीत रसायनं आणि कापडरंगाई आहेच. २०२० मध्ये तिथला रस्ता गुलाबी झालेला सगळ्यांनी पाहिला. पण सगळेच रंग बेंझिडिनचे नसतात, आणि या रोगाचं सर्वात मोठं कारण धूम्रपान आहे. त्यामुळे गावाचं किंवा कारखान्याचं नाव म्हणजे पुरावा नव्हे. बेंझिडिनआधारित आणि इतर काही ॲझो रंगांवर आपल्या सरकारने १९९० च्या दशकात बंदी आणली. पण हा रोग संपर्कानंतर वीसेक वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उगवतो.

आता मोजदादीकडे बघा. मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. तिची हद्द बृहन्मुंबई. अशा नोंदणीत रुग्णालय कुठे आहे ते बघत नाहीत, राहण्याचा पत्ता बघतात. मुलुंडचा रुग्ण तिच्यात येतो. चेकनाक्यापलीकडचा ठाण्याचा, डोंबिवलीचा रुग्ण परळला टाटात उपचार घेत असला तरी तिच्यात येत नाही. त्यात ठेकेदाराकडे काम केलेलं असेल तर हजेरीपत्रक मिळणं कठीण. कायद्याने व्यवसायजन्य कर्करोग हा कळवायचा आजार आहे. पण निवृत्त माणूस लघवीतून रक्त जातंय म्हणून डॉक्टरकडे येतो, तेव्हा केसपेपरवर ‘व्यवसाय: निवृत्त’ एवढंच लिहिलं, तर कळवणार कोण आणि काय? नुकसानभरपाईचा दावाही तिथेच संपतो.

म्हणून तुम्हाला एक सुचवतो. गाठीचा नमुना गोळा करणारा कोणताही अभ्यास आखत असाल, तर अर्जात चार रकाने वाढवा: कुठे काम केलं, कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत, आणि हाताला काय लागायचं. शेवटच्या रकान्यात रुग्णाचेच शब्द लिहा. ‘काळी पावडर’, ‘लाल पाणी’, जे म्हणेल ते. सोबत तंबाखू-विडीचा हिशेब. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. एफजीएफआर-३ सारख्या जनुकाची चाचणी साठवलेल्या गाठीवर दहा वर्षांनीही करता येईल. माणूस गेल्यावर त्याच्या कामाचा इतिहास मात्र कोणत्याच फ्रीजरमध्ये सापडत नाही.